पुन्हा जुनीच पुस्तकं

मंगळवार, संध्याकाळ. डोंबिवली

बरेच दिवस लिहायचं टाळलं. वही उघडायची आणि मोबाईल बघत बसायचं. आज लिहूनच टाकते.

ऑनलाइनवाला परदेशी अभ्यासक्रम सोडला. घरीच शिकणार, पण दहावी परत मुक्त विद्यालयाच्या मराठी पुस्तकांतूनच. तीच पुस्तकं मी गेल्या वर्षी "बोअर आहेत" म्हणून माळ्यावर टाकलेली. आईने आज ती खाली काढली, पुसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. कव्हरं तशीच आहेत, जुन्या कॅलेंडरच्या पानांची. विज्ञानाच्या कव्हरवर आईच्या अक्षरात "दूध नाही" लिहिलंय. कुठल्या सकाळी दूध आलं नसेल, याचाच विचार करत बसले कितीतरी वेळ. प्रकाशाचा धडा राहिला तो राहिलाच.

वाईट वाटायला हवं ना? काहीच वाटत नाहीये. दुपारी उगाच खडवलीला नदीवर जाऊन आले, तिथेही नाही वाटलं.

आई एवढंच म्हणाली, "बाबांना शनिवारी सांगू. आल्या आल्या नको, जेवण झाल्यावर." बाबा नाशिकला नोकरीला, शनिवारीच येतात. मागच्या वेळी म्हणालेले, "अभ्यासक्रम आहे की चप्पल गं? दर वर्षी नवी लागते! आता पुन्हा बदललंस तर गपचूप शाळेत." शाळेत मी नाही जाणार. पण हे त्यांना सांगायचं कसं? त्या "दूध नाही"कडे बघत वाक्यं जुळवतेय, एकही धड जुळत नाही.

बेल वाजली. आई दारातून जरा जास्तच मोठ्याने म्हणतेय, "अहो, तुम्ही? आज मंगळवारी कसे आलात?"