बारा मिनिटांचा उशीर

पप्पा,

तुमची वर्षाची प्रार्थना परवाच्या रविवारी झाली. कशी झाली ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण या खेपेला ती होत नाही असंच मी धरून चालले होते. आपल्या ज्यू समाजातली दोन घरं मागेच इस्राएलला गेली, एक ठाण्याला गेलं, आणि गेल्या महिन्यात नव्वदीतले मास्तरही मुलाकडे पुण्याला गेले. आपल्याकडे येणारे उरले नऊ पुरुष. दहा पुरुष असल्याशिवाय मेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही, हे तुम्ही मला पाढ्यांच्याही आधी शिकवलंत. फोन करायचे मी, खुर्च्या लावायच्या मी, प्रसादाच्या मलिद्याचे पोहे भिजवून नारळ खोवायचा मी, पण दहांत मात्र मी नाही. पूर्वी याचा फार राग यायचा. आता साठी उलटल्यावर गुडघ्यांचाच इतका राग येतो की बाकीच्यांसाठी काही शिल्लक राहत नाही.

तुम्ही फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलीत, सुभेदार होऊन रिटायर झालात, मग सांवेर रोडच्या एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी धरलीत. पण तुमची खरी ड्यूटी आपल्या माणसांची. कोणाच्या आजीला दवाखान्यात न्या, कोणाच्या मुलीला मुंबईचं स्थळ बघा, वल्हांडण सणाच्या बिनखमिराच्या भाकरींचं पार्सल स्टेशनवरून उतरवून घ्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारचा शब्बाथ लागताना, आपल्या हॉलमध्ये दहा माणसं उभी करा. उभी म्हणजे अक्षरशः. चपला भिंतीला लावून, टोप्या सरळ, आणि मग तुमचा आवाज, "दाहिने से गिनती कर." माणसं मोजू नयेत अशी आपल्यात रीत आहे, हे मास्तर बिचारे दर आठवड्याला सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "मी कुठे मोजतोय मास्तर, ते आपणहून बोलतायत." आई आत पदर तोंडाला लावून हसायची.

दहावा मिळवण्यासाठी तुम्ही काय काय केलंत, ते आठवलं की अजून हसू येतं. महूला तुमची शेवटची पोस्टिंग होती. आपली आडनावं सगळी कोकणातल्या गावांवरून पडलेली, शेवटी 'कर' लागलेली, त्यामुळे 'कर' ऐकला की तुमचे कान उभे. परेडवर एक नवा जवान भेटला, 'कर'वालाच, गाव अलिबागजवळचं. तुम्ही विचारलंत, "शनिवार पाळतोस का?" तो म्हणाला, "पाळतो साहेब, कडक उपास असतो." आता शब्बाथला आपल्यात कोणी उपास करत नाही हे तुम्हाला कळायला हवं होतं, पण दहावा सापडल्याच्या आनंदात तुम्ही त्याला जीपमध्ये घातलंत आणि थेट इंदूर. दोन तास तो डोक्यावर टोपी घालून ताठ बसला. सगळे उठले की उठायचा, सगळे आमेन म्हणाले की खणखणीत आमेन. शेवटी आईने हातात ताटली दिली तेव्हा हळूच म्हणाला, "काकू, शनिमहाराजांची पूजा एवढी लांब असते हे ठाऊक नव्हतं." तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. अरे, मग बोलला का नाहीस, तर म्हणे, "साहेब, हुकूम होता." पुढच्या आठवड्यात सगळी प्रार्थना पुन्हा करावी लागली. आईने त्याला डबा भरून दिला आणि तुम्हाला तीन दिवस टोमणे.

पण स्नेहलतागंजच्या काकांचं प्रकरण आठवलं की हसू येत नाही. तुमचे लहानपणापासूनचे दोस्त, कारखान्यात फिटर, आणि आयुष्यात कधी कुठे वेळेवर पोहोचले नाहीत. स्वतःच्या लग्नातही नाही. आजीच्या वर्षाला ते सोडून नऊ जण बसले होते. सहाची वेळ, काका आले सहा बारा. स्कूटर पंक्चर झाली होती, हात काळे, शर्ट घामाने भिजलेला. तुम्ही दारातच घड्याळ दाखवलंत. "ही काय वेळ झाली? ज्याला वेळ कळत नाही त्याला इथे जागा नाही." आणि दार लावून घेतलंत. आत नऊ, बाहेर दहावा. मास्तर कुजबुजले, "अहो, कद्दीश?" तुम्ही म्हणालात, "शिस्त म्हणजे शिस्त." आजीची कद्दीश राहिली ती राहिलीच. काका जिना उतरून गेले आणि पुन्हा आपल्या दारात आले नाहीत. मला तुमचा इतका राग आला होता, पप्पा, की आठवडाभर मी तुम्हाला चहा दिला तो बिनसाखरेचा.

तर यंदा नऊ उरले, आणि शहरात दहावा म्हणजे तेच. पंच्याऐंशीच्या घरातले. चार दिवस फोन हातात घेत होते, ठेवत होते. शेवटी लावला.

"काका, मी. सुभेदारांची मुलगी."

पलीकडे पंखा बंद झाला. मग, "बोल."

"रविवारी पप्पांची वर्षाची प्रार्थना आहे. नऊच होतायत."

"म्हणजे अडलं म्हणून फोन."

"हो. अडलं म्हणूनच."

"टाइम?"

प्रार्थना सहाला होती. मी म्हटलं, पाच. तुमचीच मुलगी ना मी. माणूस ओळखून हुकूम द्यावा, हेही तुम्हीच शिकवलेलं.

रविवारी पावणेपाचला बेल वाजली. दारात काका. कडक इस्त्रीचा कोट, पॉलिश केलेले बूट, हातात काठी. मी तोंड आ करून बघत राहिले. म्हणाले, "तीनलाच निघालो घरातून. म्हटलं, रिक्षा पंक्चर झाली तर?" मी त्यांना तुमच्या फोटोखाली बसवलं, चहा दिला. पाच वाजले, साडेपाच वाजले. "बाकीचे कुठायत?" "काय करणार काका, हल्ली सगळे उशिरानेच येतात." देवा, क्षमा कर. त्या नऊ गरीब माणसांइतकी वक्तशीर माणसं अख्ख्या इंदुरात नसतील.

ठीक सहाला नऊच्या नऊ जिना चढून आले. काका काठी टेकत दारात जाऊन उभे राहिले आणि मनगट पुढे केलं. "क्यों भिया, ये टाइम है आने का? तासभर झाला मी बसलोय. सुभेदार असते तर एकालाही आत घेतलं नसतं." नऊही जण माझ्याकडे बघायला लागले. मी आत मलिदा ढवळायला निघून गेले. मग बाहेरून काकांचा आवाज आला, थोडा बारीक. "मी घेतो. या आत."

कद्दीश कोण म्हणणार, असं एकाने विचारलं, कारण तुम्हाला मुलगा नाही. काका उठले. दोनदा अडखळले, एकदा थांबून डोळे पुसले, पण पुरी म्हटली. मी स्वयंपाकघराच्या दारातून आमेन म्हटलं, मोजणीत नसले तरी.

वेळेचं खोटं मी त्यांच्यापाशी कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही. पण तुमच्याशीही एक खोटं बोलले आहे, ते सांगते. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही विचारलं होतंत, "तो येऊन गेला का?" मी म्हटलं, काका आले होते, तुम्ही झोपला होतात, तासभर बसून गेले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कूस वळवलीत. ते आले नव्हते, पप्पा. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. त्यांना फोन करायचं मला सुचलं होतं, पण आजीच्या कद्दीशचा राग माझ्या मनात तेव्हाही होता, म्हणून मी केला नाही.