माफ म्हणण्याआधी

कोंढा
एप्रिल, रविवार

प्रिय रंजू,

शेजारची राखी उद्या जवाहरनगरला तुझ्याकडे येते म्हणाली, म्हणून तिच्या हाती हे पत्र देते आहे. फोन काहून नाही केला म्हणून आधी चिडशील, मग वाचशील, हे मला ठाऊक आहे. फोन घरात एकच, तो तुझ्या यासीनभाईंच्या खिशात, आणि हल्ली ते माझ्या पाठीमागेच असतात. शिवाय एक गोष्ट मी तोंडातून काढणार नाही अशी शपथ घेऊन बसले आहे. लिहिण्याबद्दल कोणी शपथ घातली नव्हती. शाळेत तुझी गणितं मी उतरवायची आणि माझे निबंध तू, त्यामुळे माझं अक्षर तुला वाचता येईल.

आमची नावं यंदा हजच्या सोडतीत निघाली, ते तुला कळवलंच होतं. तू तुझ्या निकेशच्या हाती पेढे पाठवलेस, वर निरोप दिलास की हाजी झाल्यावर तरी माझ्या शेळीची माफी मागा म्हणावं. ते हसले. रात्री जेवताना मात्र म्हणाले, रंजूबाईची शेळी राहिलीच हाय. किती वर्षं झाली गं त्या शेळीला, तुम्ही इथे कोंढ्यात राहत होता तेव्हाची ती? तिने यांच्या वाडीतली मेथी खाल्ली, यांनी रागात तिला कोंडवाड्यात नेऊन घातलं, आणि घरी आल्यावर तिचं दूध आटलं. तेव्हापासून दर रक्षाबंधनाला तू ओवाळताना शेळीचा उद्धार करतेस आणि ते मान खाली घालून ऐकतात. तुला ती गंमत वाटते. त्यांना कधीच वाटली नाही.

तुला माहीत आहे, स्वतः न जाता इतकी वर्षं ते गावोगावच्या लोकांना हज शिकवत आले. अंगणातला धान ठेवायचा बांबूचा ढोला म्हणजे काबा. तो डाव्या अंगाला ठेवून सात फेरे. पुरुषांनी उजवा खांदा उघडा ठेवायचा, पहिले तीन फेरे छाती काढून झपाझप चालायचे, बाकीचे सावकाश. मग चिंचेच्या झाडापासून हातपंपापर्यंत जायचं आणि यायचं, ते सफा-मरवा, तिथल्या दोन टेकड्या. सैतानाला मारायचे खडे हरभऱ्याएवढे हवेत. कोणी रागाने मोठा धोंडा उचलला की ते ओरडतात, सैतान मारायले चालला का माणसं? काळ्या दगडाला हात लागला नाही तर दुरून इशारा करा, पण कोणाला ढकलू नका, धक्का देऊन सवाब नाही, गुन्हा हाय. दिघोरीचा एक म्हातारा दर फेऱ्याला रस्ता चुकून गोठ्यात शिरायचा. तोही नीट हज करून आला. यांचं सगळं नीट. चूक झाली की त्यांना झोप येत नाही.

या शिकवणीची सुरुवात दरवर्षी एकाच वाक्याने व्हायची. हज त्याच्यावर, ज्याच्यात ताकद हाय. पैशाची, रस्त्याची आणि अंगाची. अंगात ताकद नसेल तर घरी राहणं हाच हुकूम, बरं होऊन जावं, नाहीच झालं तर आपल्या नावाने दुसऱ्याला पाठवावं, त्याला हजबदल म्हणतात. हे सांगितल्याशिवाय ते कोणाला ढोल्याकडे वळू देत नसत. यंदा पवनीकडची माणसं आली, तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले आणि ऐकत राहिले. ते वाक्य आलंच नाही. एकदम एहरामपासून सुरुवात केली. दोन पांढरे बिनशिवलेले कपडे, अत्तर नाही, नखं काढायची नाहीत, पुरुषाचं डोकं उघडं. आणि मग जे कधी सांगत नसत ते सांगितलं. एहराममध्ये जो मरतो त्याला त्याच कपड्यांत पुरतात, डोकंही झाकत नाहीत, आणि कयामतच्या दिवशी तो लब्बैक, मी हजर आहे, म्हणत उठतो. माणसं सुभानल्ला म्हणाली. मी चहाचा ट्रे तिथेच ठेवून आत गेले.

मग मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले, कोंबडीवर ठेवावी तशी. लोकांना सांगतात, छत्री चालते, छत्री घ्या, पाणी पीत राहा, गोळ्या गळ्यातल्या थैलीत ठेवा. स्वतःच्या बॅगेत छत्री नाही. मी ठेवली, त्यांनी काढली. मी परत ठेवली, तर ती मनकर्णाबाईच्या सुनेला देऊन आले, तिला कामावर जाताना ऊन लागतं म्हणून. विहिरीच्या मोटरच्या खटक्याला मला कधी हात लावू देत नसत, आता रोज माझ्याकडूनच चालू करवून घेतात. सायकल पुतण्याला दिली. परवा म्हणाले, येताना जमजमचं पाणी सांभाळून आणशीन, सांडू नको. मी म्हटलं, डबा उचलायला तुम्ही आहात ना. ते उठून वाडीकडे निघून गेले.

आता शपथ मोडते. शिमग्याच्या सुमारास आम्ही नागपूरला लग्नाला गेलो होतो असं तुला सांगितलं, ते लग्न नव्हतं. विहिरीवर ते एकाएकी खाली बसले होते, ओठ निळे. हजची तपासणी त्याआधीच होऊन गेली होती, तिच्यात काही निघालं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, हृदयातली झडप खराब झाली आहे, ऑपरेशन लवकर करा, होऊन जाईल, माणूस पुन्हा शेतात जाईल. तोपर्यंत ऊन नको, फार चालणं नको. बाहेर आल्यावर यांनी मला बाकावर बसवलं आणि शपथ घातली. पोरीलाही नाही सांगायचं. म्हणाले, टेबलावर फाडून मरण्यापेक्षा त्या दारात मेलेलं काय वाईट? रंजू, माझा नवरा भित्रा आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतका भक्तिवान माणूस, आणि सुरीला भिऊन देवाच्या घरात लपायला निघाला आहे.

यंदा अरफाचा दिवस आपल्या नवतपात, मे सरतानाच्या त्या नऊ कडक दिवसांत येतो. आपल्याकडे त्या दिवसांत कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. तिथे उघड्या मैदानात दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत दुआ मागायची असते, तेच खरं हज. बाकी काही चुकलं तर भरपाई आहे, ते चुकलं तर काही उरत नाही. परवा ढोल्याभोवती झपाझप चालून दाखवताना दुसऱ्याच फेऱ्यात ते थांबले, हात ढोल्यावर टेकला, आणि लोकांना म्हणाले की इथे थांबून दुआ मागायची असते. इथे कोणी थांबत नाही गं. यांनी आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं शिकवलं.

आणि आता ते माफी मागत फिरताहेत. निघण्याआधी हे करावंच लागतं. देवाचं देणं देव सोडतो, पण माणसाचं मन दुखावलं असेल तर ते त्या माणसानेच सोडायचं, नाहीतर हज अडकून राहतं असं ते मानतात. एका माणसाने भावाची माफी मागितली नव्हती, तर त्याला यांनी अंगणातून परत पाठवलं होतं. मी मनात म्हटलं, कोणीतरी अडेल. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडणापायी, जागेश्वरशी किती वर्षं बोलणं नव्हतं, तो तरी अडेल. तो रडला आणि गळ्यातच पडला. मनकर्णाबाई तर म्हणाली, तुम्ही कायले माफी मागता, भाऊ, तुम्हीच आमच्यासाठी मागजा. सगळं गाव माफ करत सुटलं आहे.  बैलाचं एकेक दावं सोडत जावं तसं चाललं आहे.

दोनच दावी उरली आहेत. एक माझं. काल त्यांनी मला विचारलं, जैबुन, माफ केलं ना? मी चुलीत फुंकर घालत राहिले, धूर नव्हता तरी डोळे पुसले. दुसरं तुझं. शुक्रवारची नमाज झाली की ते एसटीने तुझ्याकडे येतील. तू सवयीने हसशील, चहा टाकशील आणि म्हणशील, झालं गेलं, भाऊ, माफ. तेवढ्यासाठी हे पत्र आहे. म्हणू नकोस. शेळी काढ. म्हण, माझी दुभती शेळी तुम्ही वाळवली, माझी लेकरं त्या वर्षी काळा चहा प्यायली, मी नाही माफ करत. आधी नागपूरला जाऊन ऑपरेशन करून या, मग बघू. ते हात जोडतील, रडतीलही. तेव्हा डगमगू नकोस. त्यांच्याबरोबर माझंही जाणं राहील, त्यांच्याशिवाय मी कोणाबरोबर जाणार? काबा पाहायची हौस मलाही आहे गं, लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. असू दे. जिवंत राहिलो तर पुढे कधी नाव निघेल. यात पाप असेल तर ते माझ्या नावावर. इतकी वर्षं त्या शेळीवरून गमतीत भांडलीस, रंजू, या शुक्रवारी एकदा खरं भांड.

तुझ्याच भरवशावर बसलेली,
तुझीच,
जैबुन