पावणे गेले गो?

कृष्णनाथदादा,

दरवर्षी ऑक्टोबर लागला की तू आईला पेडण्याहून माझ्याकडे नार्व्याला आणून सोडायचास. तिच्या खोकल्यानं तुझ्या होमस्टेच्या पाहुण्यांची झोपमोड व्हायची, आणि समुद्राकडे उघडणारी खोली नेमकी तिची होती. न्यायला यायचास तो थेट जूनमध्ये. आठ महिने ती गाठोडं सोडायची नाही. रोज विचारायची, "पावणे गेले गो?"

यंदा फेब्रुवारीत ती वारली. मी तीनदा फोन केला. तू तिन्ही वेळा कापलास आणि मेसेज टाकलास, "सीझन आहे, जूनमध्ये बोलू." बरं, म्हटलं. अग्नी मीच दिला. पेडण्यात कुणाला कळवलं नाही, पेपरातही छापू दिलं नाही.

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. दादाशी भांडणार नाही असं कबूल केलं, तरी शिवेना. शेवटी खोटंच बोलले, "आई, पावणे गेले. चल घरा." लगेच शिवला.

हे पत्र मी टाकणार नाही. जूनमध्ये तू तिला न्यायला येशीलच. तेव्हाचं तुझं तोंड मला बघायचंय. गाठोडं दारातच ठेवलंय, तिनं बांधलेलं.

तुझी बहीण,
कमलाक्षी