मास्तर का गेले

प्रिय दादा,

समोर बसून बोलायला गेलं की तू फोन उचलतोस, म्हणून लिहिते आहे. परवा आपल्या कवळ्यांच्या लॅबमधल्या नव्या मुलीनेही काम सोडलं आणि तू नेहमीसारखं म्हणालास, "आजकाल कुणाला टिकायचंच नसतं." ऐकून ऐकून कान किटले माझे. दीड वर्षात सहा जण गेले. सगळ्यांचंच डोकं फिरलं होतं का?

पगाराचं कारण पुढे करू नकोस. बाबांच्या वेळी पगार याहून कमी होते, तरी कवळ्या घडवणारी हीच माणसं वीस-वीस वर्षं हलली नाहीत. बाबाही चिडायचे, चांगलेच चिडायचे. पण चूक दाखवायची तर आतल्या खोलीत नेऊन. तू डोक्यावर कॅमेरा बसवलास, चहाला घड्याळ लावलंस, कुणी काही सुचवलं की, "तुम्हाला विचारलं का?" आता भट्टी जास्त तापलेली दिसली तरी कुणी तोंड उघडत नाही. याला तू शिस्त म्हणतोस!

आणि मास्तर? आपल्या दोघांना मेणात दात बसवायला शिकवणारे मास्तर! गेल्या महिन्यात एका आजींची कवळी परत आली, दात फारच पांढरे झाले म्हणून. तू ती सगळ्यांदेखत टेबलावर आपटलीस. दोन दात उडून माझ्या पायाशी आले. "डोळे गेले असतील तर घरी बसा," म्हणालास. मास्तरांनी एप्रन काढला, नीट घडी घातली आणि निघून गेले.

दादा, त्या कवळीच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर दातांच्या रंगाचा नंबर चुकीचा लिहिला होता तो तूच. तुझ्याच अक्षरातली ती चिठ्ठी तेव्हा माझ्या हातात होती आणि मी गप्प बसले. भाऊ म्हणून तुला सांभाळून घेतलं असं नाही. मला तुझी भीती वाटली. तुझ्या पाठुंगळी बसून वाढलेल्या मला!

काल ती चिठ्ठी घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं गं. तो येईल म्हणून आठवडाभर वाट पाहिली." त्यांच्या बाहेरच्या खोलीत दोन टेबलं मांडलीत. आपल्याकडून गेलेले तिघं तिथे काम करत होते, आणि मोठमोठ्याने भांडत होते, हसत होते. मला रडूच आलं.

पहिल्या तारखेपासून मी तिथे जाणार आहे. हा माझा राजीनामा समज. रविवारी वहिनीकडे जेवायला येईनच. पण त्या वेळी मला परत बोलवू नकोस. आधी मास्तरांच्या घरी जाऊन ये.

तुझीच,
धाकटी