पिळून जोडलेल्या दोन वायरी

दादा,

स्वयंपाकघरात चप्पल घालून जा, पेल्यांच्या काचा पडल्यात. डिशवॉशर मीच हातोडीने फोडलं. मेन स्विच पाडलाय, त्याला हात लावू नकोस.

मशीन का तापत होतं ते सापडलं. रोज मशिनी दुरुस्त करते मी, मला कळणार नाही असं वाटलं तुला? पाणी फार तापलं की वीज तोडणारा स्विच खाली असतो. तो सारखा मशीन बंद पाडतो म्हणून तू त्याच्या दोन्ही वायरी पिळून जोडून टाकल्यास. पाणी उकळतच राहिलं. सकाळी वहिनीने मशीनचं दार उघडलं आणि वाफेने तिचा हात कोपरापर्यंत सोलून निघाला.

फोनवर तू म्हणालास, "आंधळी आहे का ती?" तेव्हाच माझं टाळकं सरकलं. तू समोर असतास तर हातोडी मशीनवर पडली नसती.

आत्ता तिचे कपडे न्यायला आलेय. दवाखान्यात डॉक्टरांनी बाही कापली तर वर दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ. भाजल्याचं डॉक्टरांना मी सांगितलं. वळांचं वहिनीने सांगितलं, पहिल्यांदाच.

संध्याकाळी पोलिसांना घेऊन येतेय. दार उघड. तेही मला फोडायला लावू नकोस.

— धाकटी