बिनबोलावलेली फाईल

मॅडम, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुम्हाला सांगायचं ते अजून घशातच आहे. मी आता पेपरात सदर लिहितो. दर रविवारी कुणाला तरी सोलतो, लोक म्हणतात काय तिखट जीभ आहे. घरी मी आणि रेडिओ. त्यामुळे जिभेला इतर काही कामही नसतं.

नव्व्याण्णव साल. सावेडीतल्या दोन खोल्यांत आपली कंपनी. म्हणजे मालक, तुम्ही, मी आणि पंखा बंद पडला की तापणारे तीन कॉम्प्युटर. काष्टीच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. कॅन कधी आला, किती तास झाले, दूध ठेवायचं की परत पाठवायचं, हे तो सांगायचा. तपासणी तुमची. सालाचे शेवटचे दोनच आकडे धरणारा प्रोग्रॅम दोन हजार साल लागल्यावर गोंधळेल का, याची तेव्हा जगालाच धास्ती, म्हणून तुम्ही घड्याळ पुढे नेऊन नेऊन चाचण्या घेत होतात आणि प्रत्येकीपुढे वहीत पेनाने खूण करत होतात. "मशीन पास म्हणतं रे, पण सही माझी असते," म्हणायचात.

चाचण्या चालवायला आपल्याकडे एक वेगळं साधन होतं. ते सुरू झालं की त्याच्या फोल्डरात पडलेली प्रत्येक जोडफाईल, आज ज्याला प्लगइन म्हणतात ती, आपणहून उचलायचं. लग्नाच्या पंगतीत बसला त्याला वाढायचं, तू कुणाकडचा विचारायचं नाही, तसं. महिनाभर आधी मी अशी एक फाईल केली होती. चाचण्यांच्या छापील याद्यांवर रोज तारीख बदलायची, कालच्या यादीशी ताडता यायचं नाही. म्हणून चाचणीत कुणीही तारीख विचारली की ही फाईल एकच जुना दिवस सांगायची. माझं काम झालं आणि ती तिथेच राहिली. तुम्ही घड्याळ कितीही पुढे न्या, प्रोग्रॅमच्या कानात ती जुनाच दिवस सांगत होती. सगळ्या चाचण्या पास. तुम्ही सही केलीत.

काष्टीला आपण प्रोग्रॅम दाखवायला जातो. केंद्राचे चेअरमन स्वतः कॉम्प्युटरचं घड्याळ नव्या सालात नेतात. पडद्यावर येतं: दुधाचं वय नव्व्याण्णव वर्षं, परत पाठवा. केंद्रावरचा म्हातारा गडी कॅनचं झाकण काढतो, बोट बुडवून चाटतो. "न्हाई वो, लई ग्वाड हाय. येवढ्या वयाची तर म्हस बी नसती!" सगळी खोली हसते. मीही हसतो. चेअरमन हसत नाहीत. "म्याडम, तुमी तपासलं हुतं ना?"

"हो. मीच."

येताना एसटीत तुम्ही वही मांडीवर उघडून बसला होतात. वाटेतलं कुठलंसं गाव गेलं तेव्हा एकदाच विचारलंत, "माझं काय बघायचं राहिलं रे?" मला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आधी आलो, फोल्डर उघडलं, फाईल दिसली. पुसून टाकली. तुम्ही आलात, त्याच चाचण्या पुन्हा लावल्या, आणि पहिल्याच झटक्यात चूक समोर आली. तुम्ही एकदा पडद्याकडे, एकदा वहीतल्या खुणेकडे पाहत राहिलात. "हे मला दिसलं कसं नाही?"

"होतं असं कधीकधी, मॅडम."

आजवर हजारभर वाक्यं लिहिली असतील लोकांना लागतील अशी. याच्याइतकं एकही लागलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही एकेक चाचणी तीनतीनदा लावायला लागलात, आणि वर वही माझ्यापुढे सरकवायचात, "एकदा तू बघ रे." मी बघायचो. प्रोग्रॅम दुरुस्त झाला, नवं साल सुखरूप लागलं, मालकांनी पेढे वाटले. तुमचा पेढा टेबलावरच राहिला; तुम्ही आदल्या आठवड्यात राजीनामा दिला होतात. नजर राहिली नाही, असं लिहिलं होतंत त्यात. तुमची नजर ठणठणीत होती, मॅडम.

हे पाकिटात घालून कुणाच्या नावाने टाकू? तुमच्या घरात आता दुसरेच लोक राहतात. आणि पत्त्याचं निमित्त तरी किती सांगू. तुम्ही होतात तेव्हा माझ्यापासून चार गल्ल्यांवर होतात. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे तुम्ही रोज संध्याकाळी यायचात, म्हणून मी भाजी सकाळीच आणायचो.