तुझ्या नावावरची गाडी

संजनाताई,
सप्रेम जय भीम.

एकतीस मार्चला मी फोनवर ओटीपी मागितला आणि कशासाठी, हेही न विचारता तू दिलास. त्या महिन्यात कंपनीने मी न मागवलेल्या चाळीस मोटारसायकली माझ्या शोरूमवर उतरवल्या होत्या. एरिया मॅनेजर म्हणाला, "गिऱ्हाईक नसेल तर घरच्यांची नावं टाका, पण आज आरटीओ पासिंग दाखवा. नाहीतर नाशकात दुसरा डीलर बसवतो." शोरूम घेताना साक्षीदार म्हणून तू आणि दाजींनी दिलेल्या आधारच्या झेरॉक्स ड्रॉवरमध्येच होत्या. त्या आधारवर आणि तुझ्या ओटीपीवर एक कोरी गाडी मी तुझ्या नावावर चढवली आणि नंतर विंचूरच्या एकाला जुनी म्हणून विकली. नाव बदलून घेतो म्हणाला, घेतलं नाही.

काल त्या गाडीने एका बाईला उडवलं. ती अजून शुद्धीवर नाही आणि तो फरार आहे. पोलीस आता नांदगावला, तुझ्या दारात येतील.

आज पुन्हा ट्रक आलाय. मॅनेजर समोर बसलाय आणि त्याला चहा मीच पाजतोय. दाजींना सांग, मी ओटीपी मागितला तर देऊ नका.

तुझा,
सुयश

ता. क. मी मागितला आणि दाजींनी ओटीपी लगेच दिला. हे पत्र आता टाकत नाही.